कण्याशेजारची सुई आणि ऑपरेशननंतरची रात्र

पुढे बोलणारे दोघे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या छोट्या नर्सिंग होममध्ये काम करतात. एक जुने सर्जन, दुसऱ्या त्यांच्यापेक्षा बऱ्याच तरुण भूलतज्ज्ञ. माणसं कल्पित आहेत, वाद मात्र रोजचा.

सर्जन : मॅडम, सुईने नसा बधिर करायच्या, म्हणजे ब्लॉकची, तुमची हौस मला कळते, गरज कळत नाही. हर्निया घ्या, पित्ताशय घ्या, स्तनाची गाठ घ्या. तुम्ही पूर्ण भूल देता, पेशंट झोपतो, मी काम उरकतो आणि टाके घालताना जखमेच्या कडांमध्ये थोडं ब्युपिव्हाकेन सोडतो. पुढे सलाइनमधून पॅरासिटामॉल, जोडीला डायक्लोफेनॅक, फारच कण्हला तर ट्रामाडॉल. उल्हासनगरच्या कॅम्प तीनपासून बदलापूर पूर्वेपर्यंत सगळीकडे असंच चालतं आणि माणसं दोन-चार दिवसांत रिक्षात बसून घरी जातात. आता तुम्ही म्हणता, पेशंटला कुशीवर वळवा, पाठ रंगवा, सोनोग्राफीचं मशीन ओढत आणा आणि कण्याशेजारी सुई घाला. यात वीस मिनिटं गेली. शिवाय नातेवाईक बाहेर बसलेले असतात. ‘कण्यात सुई’ एवढं कानावर पडलं की सासू उठून उभी राहते, कारण तिच्या मते सिझरच्या वेळच्या सुईनेच सुनेची कंबर कायमची धरली आहे. वीस मिनिटं तुमची आणि अर्धा तास सासूचा.

भूलतज्ज्ञ : सासूपासूनच सुरुवात करू, तिचं उत्तर सोपं आहे. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळ जणींची दुखते, सुई घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही. दोन्ही गटांची तुलना झाली तेव्हा सुईमुळे कायमची कंबरदुखी लागते असं दिसलं नाही. कण्यातली सुई खरोखर देऊ शकते ती डोकेदुखी. मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला भोक पडतं, पाणी झिरपतं आणि माणूस उठून बसला की डोकं फुटायला लागतं. 1898 साली जर्मनीत कील इथे ऑगस्ट बिअर यांनी हा प्रयोग स्वतःवर करून घेतला आणि पुढे कित्येक दिवस आडवे पडून राहिले. पण मी म्हणते ती सुई त्या आवरणापर्यंत जातच नाही. ती कण्याच्या बाजूला, दोन बोटं अलीकडेच थांबते.

आता वेदनेचं. तुम्ही म्हणता पेशंट झोपला. मेंदू झोपला, सर. तुमची सुरी फिरते तेव्हा कातडीतून निघालेले निरोप मज्जारज्जूपर्यंत पोचतच असतात. नाडी वाढते, बीपी चढतं, मॉनिटरवर ते आपल्या दोघांनाही दिसतं आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, ‘मॅडम, जरा डीप करा.’ हे निरोप येतात कुठून? छातीच्या भागात मणक्यांमधून दोन्ही बाजूंना नसांच्या बारा जोड्या बाहेर पडतात. बाहेर पडल्या पडल्या प्रत्येकीच्या दोन फांद्या होतात. मागची पाठीत जाते, पुढची बरगडीखालून वळसा घेत छातीच्या मध्यापर्यंत येते. चौथीच्या वाट्याला स्तनाग्राची पातळी, दहावीच्या वाट्याला बेंबी. म्हणजे स्तनाच्या ऑपरेशनची जवळजवळ सगळी वेदना कण्याशेजारच्या पाच-सहा नसांतून जाते. तुम्ही जखमेच्या कडेला औषध सोडता, ते गल्लीतल्या एकेका घराचा दिवा मालवण्यासारखं आहे. मी डीपीवर जाऊन त्या गल्लीचा फ्यूज काढते.

सर्जन : फ्यूज काढला की कोणाकोणाच्या घरचा दिवा जातो, हे तुम्हाला नक्की माहीत असतं का? माझा मुद्दा तोच आहे. कण्याच्या आत, एपिड्युरलमध्ये, निदान औषध कुठे गेलं ते कळतं. तुमच्या बाजूच्या जागेत कधी ते दोनच नसांपुरतं राहतं, कधी वर-खाली सहापर्यंत पसरतं, कधी आतही शिरतं. आणि त्या जागेच्या पुढच्या भिंतीला काय आहे? फुप्फुसाचं आवरण. आमच्याकडे पेशंट आला गाठीसाठी आणि गेला छातीत नळी घालून, तर कॅम्प चारमध्ये मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

भूलतज्ज्ञ : भीती खरी आहे, तिचं माप तेवढं बघा. 1995 साली 367 पेशंटची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हा यासाठी सोनोग्राफी नव्हती, नुसत्या बोटांच्या अंदाजाने सुई घालत होते. छातीत हवा शिरण्याचं प्रमाण अर्धा टक्का निघालं. ब्लॉक न लागण्याचं प्रमाण मात्र दहा टक्के. म्हणजे ज्याची तुम्हाला भीती वाटते ते क्वचित घडतं आणि ज्याचा तुम्हाला कंटाळा आहे ते दहात एकदा. एपिड्युरलबद्दल म्हणाल, तर ती दोन्ही बाजू बधिर करते, बीपी खाली आणते, लघवीची नळी घालायला लावते. एका बाजूच्या स्तनासाठी एवढा कारभार कशाला?

शिवाय आता पडद्यावर दिसतं. मणक्याचा आडवा काटा पांढऱ्या रेघेसारखा दिसतो आणि त्याच्याखाली काळी सावली पडते. दोन काट्यांच्या मध्ये, जरा खोल, एक चमकती रेघ श्वासाबरोबर सरकत असते. ती प्लुरा, फुप्फुसाचं आवरण. मी सुई त्या रेघेच्या अलीकडे थांबवते आणि आधी दोन-तीन मिली सलाइन सोडते. जागा बरोबर असेल तर ती चमकती रेघ डोळ्यांदेखत खाली ढकलली जाते. नाही ढकलली गेली, तर औषध सोडायचंच नाही. ही पद्धत काही कालची नाही. 1905 साली जर्मनीत ह्यूगो झेलहाइम यांनी ती सुरू केली, मग ती विस्मरणात गेली, 1979 साली ईसन आणि वायट यांनी पुन्हा वर काढली आणि सोनोग्राफीने तिला डोळे दिले. 2020 साली युरोपातल्या ‘प्रॉस्पेक्ट’ गटाने स्तनाच्या मोठ्या ऑपरेशनसाठी वेदनाशमनाच्या शिफारशी काढल्या, त्यात पहिली पसंती याच ब्लॉकला दिली आहे.

सर्जन : आणि तरीही तुम्ही लोक एका ब्लॉकवर थांबत नाही. टॅप झाला, क्यूएल झाला, पेक्स झाला, आता ईएसपी. कॉन्फरन्सला जावं तर दर वर्षी नवं बारसं. ईएसपीबद्दल मी थोडं वाचलंय. 2016 साली कॅनडातल्या फोरेरो आणि चिन यांनी तो मांडला. सुई नसेपर्यंत न्यायचीच नाही, पाठीच्या लांब स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या काट्यावर टेकवायची आणि औषध सोडायचं. मग ते म्हणे पुढे झिरपत नसेपर्यंत जातं. पण मृतदेहांवर रंग सोडून पाहिलं तेव्हा काही अभ्यासांत तो पुढच्या फांदीपर्यंत पोचलाच नाही. जे पोचतच नाही ते काम कसं करतं?

(या वाचनात सर्जनसाहेब चुकलेले नाहीत. ईएसपी नेमका कशामुळे गुण देतो यावर जाणकारांत आजही मतभेद आहेत. तो झपाट्याने पसरला, कारण तो सोपा आहे. सुई हाडावर टेकते, हाड मोठं दिसतं, फुप्फुस दूर राहतं. वैद्यकात सोपेपणाला पुराव्याइतकंच वजन मिळतं, कधी जास्तही.)

भूलतज्ज्ञ : पोचतं कधी आणि पोचत नाही कधी, हे मलाही छातीठोक सांगता येणार नाही. म्हणून मी दोन्हींत फरक करते. स्तन काढायचा असेल तर जुना, कण्यालगतचा ब्लॉक. कारण तिथे मला खात्री हवी. बरगड्या मोडलेला पेशंट असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, कुशीवर नीट वळतही नसेल, तर ईएसपी. आपल्या पट्ट्यात या दुसऱ्या पेशंटचा विचार तुम्ही करायलाच हवा. सकाळची बदलापूर लोकल, दारात लटकलेली माणसं. पडून वाचलेल्याच्या चार बरगड्या मोडल्या तर मारते ती बरगडी नव्हे, न घेतलेला श्वास मारतो. दुखतं म्हणून तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया. त्याला ट्रामाडॉल देऊन गुंगीत ठेवायचं, की वेदना थांबवून बसतं करायचं?

सर्जन : बरगड्यांचं मान्य. तिथे मी वाद घालणार नाही. पण स्तनाच्या बाबतीत तुमच्याच शाखेने मोठमोठी आश्वासनं दिली होती, तेवढी आठवण करून देतो. ब्लॉक दिला की कर्करोग उलटण्याचं प्रमाण कमी होईल, महिनोन्‌महिने रेंगाळणारी वेदना टळेल, असं भाषणांतून ऐकलंय मी. मग 2019 साली ‘लॅन्सेट’मध्ये सेसलर आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. आठ देश, दोन हजारांवर स्त्रिया. निम्म्यांना कण्याशेजारचा ब्लॉक, निम्म्यांना नेहमीची भूल. रोग उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे दहा टक्के. सहा महिन्यांनी जखमेत दुखतंय म्हणणाऱ्या दोन्हीकडे 52 टक्के, वर्षाने 28 आणि 27. यात फरक कुठे आहे? उलट आपल्याच टाटा रुग्णालयाचं बघा. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळाशे स्त्रियांवर चाचणी केली, 2023 साली ती छापून आली. सुरी लावण्याआधी गाठीभोवती साधं अर्धा टक्का लिग्नोकेन सोडायचं, एवढंच. पाच वर्षांनी जिवंत राहिलेल्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं. काही रुपयांचं औषध, माझ्या हातातली सिरिंज, कण्याकडे जायचं कारणच नाही. अशी चाचणी असताना मी तुमच्या मशीनसाठी वीस मिनिटं का थांबू?

भूलतज्ज्ञ : कारण बडव्यांच्या चाचणीतला प्रश्न वेदनेचा नव्हताच. गाठीला हात लावला की पेशी सुटतात, त्या सुटण्यावर लिग्नोकेनचा काही परिणाम होतो का, हा तो प्रश्न होता. तो इलाज तुम्ही जरूर करा, तो ब्लॉकच्या आड येत नाही. सेसलरची चाचणी मात्र मी गिळायला तयार आहे. कर्करोगाचं आश्वासन आमच्या लोकांनी घाईने दिलं, ते खोटं ठरलं. सहा महिन्यांनंतरच्या वेदनेचंही तसंच. मी आता फक्त पहिल्या दिवसाबद्दल बोलते. जागी झाल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंत. त्या दिवसाला तुम्ही फार हलकं लेखता. जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसणारी बाई स्तन काढून शुद्धीवर येते तेव्हा ती उलट्या करत, खांदा आवळून पडली आहे की चहा मागते आहे, हा फरक वर्षाच्या आकडेवारीत येणार नाही, पण तिच्या लेखी तो आहे.

आणखी एक सांगते. पुस्तकात लिहिलेलं असतं, ब्लॉकमुळे मॉर्फीन कमी लागतं. आपल्याकडे मॉर्फीन आहेच कुठे कमी लागायला? 1985 चा अमली पदार्थांचा कायदा, त्याची परवान्यांची जंत्री. 2014 साली दुरुस्ती झाली, प्रक्रिया सोपी झाली, तरी पंधरा खाटांचं नर्सिंग होम त्या कुलपाच्या कपाटाच्या आणि रजिस्टरच्या भानगडीत पडत नाही. 2018 पासून ट्रामाडॉलही त्याच कायद्याखाली आलंय. परदेशात ब्लॉकची तुलना चांगल्या मॉर्फीनशी होते. इथे त्याची तुलना डायक्लोफेनॅकच्या इंजेक्शनशी आणि ‘थोडं सहन करा ताई’ या वाक्याशी करावी लागते. म्हणून सेसलरच्या चाचणीत नसलेला फरक इथल्या वॉर्डात मला दिसतो.

सर्जन : हा मुद्दा मला पटला असं धरा. मग अडचण मशीनची. ते तुम्ही आणणार कुठून?

भूलतज्ज्ञ : तिथेच घोडं अडतं. माझा दिवस तुम्हाला माहीत आहे. सकाळी अंबरनाथ, अकराला कॅम्प चार, दुपारी बदलापूर. फोनला जोडता येईल असा खिशात मावणारा प्रोब बाजारात मिळतो. पण मी तो पर्समध्ये घालून फिरले तर गुन्हा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली मशीन ज्या जागेवर नोंदवलं असेल तिथेच वापरायचं, पोर्टेबल मशीन इथून तिथे न्यायचं नाही, हा 2012 पासूनचा नियम. पेशंट साठ वर्षांचा पुरुष आहे, मी त्याची पाठ बघतेय, याचा त्या नियमाशी संबंध नाही. म्हणजे ज्या यंत्रामुळे माझी सुई सुरक्षित होते, तेच माझ्याबरोबर प्रवास करू शकत नाही आणि नुसती सुई मात्र कुठेही जाऊ शकते.

सर्जन : त्या कायद्याला नावं ठेवू नका. देशात असा कायदा सर्वांत आधी, 1988 साली, महाराष्ट्राने केला आणि तरीही सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, त्या 2011 मध्ये 894 झाल्या. पर्समधलं मशीन कुठेकुठे फिरलं असतं आणि कोणी कोणी भाड्याने फिरवलं असतं, हे या पट्ट्यात राहून तुम्हाला मी सांगायला नको. तुमची गैरसोय होते, ती होऊ दे. मशीन नर्सिंग होमने घ्यावं, ओटीच्या पत्त्यावर नोंदवावं, रजिस्टर ठेवावं. पण ते कोण घेईल? महिन्याला चार ब्लॉकसाठी काही लाख घालायचे. पेशंट सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतला असेल तर पॅकेज ठरलेलं, ब्लॉक दिला म्हणून वेगळा रुपया नाही. मग घेणार तोच, ज्याला त्या मशीनचा दुसरा उपयोग आहे. आणि तो दुसरा उपयोग कायद्याच्या डोळ्यांत खुपतो.

भूलतज्ज्ञ : मग सरकारी दवाखान्यांनी पुढे यावं. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात मुरबाड, शहापूर, कर्जतपासून पेशंट येतात. अंबरनाथला 2024 साली शंभर जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. 2011 च्या जनगणनेत या तीन शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाख तेहतीस हजार होती, आता ती कितीतरी वाढली आहे. एवढ्या वस्तीला बरगड्यांसाठी कळवा, ठाणे नाहीतर परळ का गाठावं लागावं? कॉलेज आहे म्हणजे उद्या निवासी डॉक्टर येतील, चोवीस तास भूलतज्ज्ञ राहील.

सर्जन : उद्या. पहिली तुकडी एमबीबीएस होऊन बाहेर पडेपर्यंत मी निवृत्त झालेला असेन. तुम्ही आत्ताचं बोला. आत्ता माझी शेवटची शंका, आणि मला सगळ्यांत जास्त तीच छळते. औषधाचं गणित तुम्हीच मांडा.

भूलतज्ज्ञ : मांडते. ब्युपिव्हाकेन किलोमागे दोन मिलिग्रॅमच्या पुढे न्यायचं नाही असा आम्ही दंडक पाळतो. बाईचं वजन 45 किलो, म्हणजे 90 मिलिग्रॅम. पाव टक्क्याच्या औषधात एका मिलीत अडीच मिलिग्रॅम, तर 36 मिलीपर्यंत मुभा. पण सिस्टरने अर्ध्या टक्क्याची बाटली हातात दिली आणि मी लेबल पाहिलं नाही, तर तीच मर्यादा 18 मिलीला संपते. त्यातून तुम्ही शेवटी सवयीने जखमेत पुन्हा वीस मिली सोडलं, तर आपण दोघांनी मिळून तिला विष दिलं. आधी तोंडाला धातूची चव येते, कान वाजतात, मग झटके, मग हृदय. झोपलेल्या पेशंटला चव सांगता येत नाही, थेट हृदयच सांगतं. त्यावर उतारा आहे, वीस टक्के लिपिड इमल्शन. पहिला डोस किलोमागे दीड मिली, म्हणजे हिला साधारण 67 मिली, लगेच. ती पांढरी बाटली ओटीच्या कपाटात असल्याशिवाय मी सुई हातात घेत नाही.

सर्जन : ठीक, ओटीत तुम्ही आहात, बाटली आहे. माझी शंका त्याच्या पुढची आहे. तुम्ही चार वाजता ब्लॉक देता. पेशंट आनंदात. साडेसहाला तुम्ही बदलापूरच्या केसला निघून जाता. पाय गरम, चेहरा हसरा, नातेवाईक म्हणतात काय जादू झाली. रात्री दोन-तीनला औषध उतरतं आणि वेदना हळूहळू चढत नाही, एकदम अंगावर येते. कारण तोवर तिला काहीच दुखलेलं नसतं, म्हणून कोणी काही दिलेलंही नसतं. वॉर्डात एक सिस्टर, एक मावशी. फोन मला येतो. माझ्या जुन्या पद्धतीत ती बाई संध्याकाळपासून थोडी थोडी दुखत असते, ते वाईट आहे हे कबूल, पण सगळ्यांचं तिच्याकडे लक्ष असतं. तुमच्या ब्लॉकने लक्षच उडतं. आणि धाप लागली, छातीत हवा शिरली, तर हसऱ्या पेशंटकडे तीन तास कोणी फिरकलेलं नसतं.

भूलतज्ज्ञ : याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. ब्लॉक चांगला लागला तरी पॅरासिटामॉल घड्याळाच्या काट्यावर चालू ठेवायचं, दुखायची वाट बघायची नाही. रात्री दहाची गोळी झोपेतून उठवून द्यायची. ब्लॉक कधी उतरेल ते केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि नातेवाइकांना तोंडाने सांगायचं. श्वास आणि ऑक्सिजन दर तासाला नोंदवायचा. हे सगळं लिहून देऊ शकते. ते पाळलं गेलं की नाही, हे बघायला मी तिथे नसते. कारण मी केसवर येते, नोकरीवर नाही. थांबायचं म्हटलं तर बदलापूरची केस कोणी करायची?

सर्जन : मग माझा निकाल ऐका. हर्नियाला आणि दुर्बिणीच्या पित्ताशयाला नको, तिथे माझी सिरिंज पुरते. स्तन काढताना आणि मोडलेल्या बरगड्यांना हो, पण ज्या रात्री कोणी शिकलेला माणूस वॉर्डात असेल त्याच रात्री.

भूलतज्ज्ञ : असा माणूस नसेल त्या रात्री तुमची जुनी पद्धत सुरक्षित होते का, सर? तेव्हाही ट्रामाडॉल देऊन गुंगलेला पेशंट त्याच मावशीच्या भरवशावर असतो.

सर्जन : नाही होत. पण त्या धोक्याची आपल्याला सवय झालेली आहे.

भूलतज्ज्ञ : आणि ती रात्र ना माझ्या फीमध्ये धरलेली आहे, ना तुमच्या बिलात, ना योजनेच्या पॅकेजमध्ये.

दोघांचं भांडण इथपर्यंतच येतं आणि इथेच थांबतं. वाचकाला सांगायचं ते एवढंच. ऑपरेशन ठरवताना खर्च किती हे सगळेच विचारतात. भूल कोणती, ब्लॉक देणार का आणि तो किती वाजता उतरेल, हेही विचारा. त्या वेळी वॉर्डात कोण असेल ते विचारा, आणि त्या माणसाचा फोन नंबर भरती होण्याआधी लिहून घ्या.